पाटी हरवलेला निवडुंग

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेबाहेर एका कुंडीत कमरेइतका उंच, खांबासारखा सरळ वाढलेला निवडुंग आहे. काही वर्षांपूर्वी तो एका पुष्पप्रदर्शनातून विकत आणला, तेव्हा कुंडीत प्लॅस्टिकची एक छोटी पाटी खोचलेली होती. पुढे उन्हाने ती ठिसूळ झाली आणि एका पावसाळ्यात मोडली. हाती राहिला तो बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्यावरची सगळी शाई उडून गेली होती; फक्त एक फुलीसारखी खूण कशीबशी दिसत होती. “सर, दुकानदाराने चूक म्हणून फुली मारली असेल,” असे एक विद्यार्थी म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो, आणि तो तुकडा खडूच्या डबीत टाकून विसरून गेलो.

त्यानंतर माझ्या हातून जे घडले ते आधी कबूल करतो. निवडुंगांच्या एका सचित्र पुस्तकात मी आमच्या झाडाशी जुळणारे चित्र शोधले. सोनेरी काटे, दहा-बारा धारा, सरळ खांब, सगळे जुळले. चित्राखाली ‘ट्रायकोसेरियस स्पाचियानस’ असे नाव होते. मी तेच नाव नव्या पाटीवर रंगवले. पुढील दोन वर्षांत या झाडाचे फुटवे आसपासच्या सात शाळांना भेट दिले आणि प्रत्येकाबरोबर हे नाव लिहून दिले. मग एका उन्हाळ्यात झाडाला पहिले फूल आले. पुस्तकातल्या झाडाचे फूल पांढरे शुभ्र असते. आमचे फूल गुलाबी होते!

म्हणजे आता आठ कुंड्यांवर चुकीचे नाव होते. फुटवा हा मूळ झाडाचाच तुकडा, त्यामुळे त्याच्याबरोबर झाडाचे सगळे गुण जातात. आणि चुकीचे नावही तितक्याच इमानाने जाते. तेव्हा आम्ही ओळख पटवण्याचे काम पहिल्यापासून पुन्हा हाती घेतले. ते कसे केले, आणि कुठे अडले, ते येथे सांगतो.

हा निवडुंग आहे तरी का?

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. कुंपणाला लावलेला त्रिधारी निवडुंग, माळावरचा थोर आणि फड्या निवडुंग या सगळ्यांना एकच नाव. पण त्रिधारी आणि थोर ही एरंडाच्या कुलातली, युफोर्बिया प्रजातीची झाडे. फड्या निवडुंग मात्र खऱ्या निवडुंग-कुलातला, म्हणजे कॅक्टस, आणि तो मूळचा अमेरिका खंडातला. खऱ्या कॅक्टसच्या दीड हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांतली एक मिसलटो कॅक्टसची जात सोडली तर बाकी सगळ्यांचे मूळ घर अमेरिकाच.

दोन्हींत फरक ओळखणे सोपे आहे. युफोर्बियाला टाचणीने टोचले तर पांढरा दुधासारखा चीक येतो. (हा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा आणि हात लगेच धुवावेत.) आपल्या खांबासारख्या निवडुंगांतून असा दुधी चीक येत नाही. टोचायचे नसेल तर काट्यांच्या मुळाशी भिंगातून पाहा. खऱ्या कॅक्टसचे काटे कापसाच्या गादीसारख्या एका बारीक उंचवट्यातून झुपक्याने निघतात. या गादीला शास्त्रात ‘ॲरिओल’ म्हणतात. ती खरे म्हणजे एक आखूड झालेली फांदीच आहे. काटे, नवे फुटवे, फुले हे सगळे तिच्यातूनच येतात. युफोर्बियाला अशी गादी नसते.

आमच्या झाडाला गाद्या होत्या, चीक नव्हता. येथवर चूक नव्हती.

खांब मोजणे

खांबासारख्या निवडुंगाच्या उभ्या कण्यांना आपण ‘धारा’ म्हणू. त्रिधारी या नावात हा शब्द आहेच. धारा किती, दोन धारांमधली घळ किती खोल, दोन गाद्यांत अंतर किती, एका गादीत मधले काटे किती आणि कडेचे किती, त्यांचा रंग कोवळेपणी कोणता आणि जुनेपणी कोणता, हे सगळे वहीत लिहायचे. आमच्या झाडाला ११ धारा भरल्या. पण एका विद्यार्थिनीने बुंध्याजवळ मोजल्या तेव्हा ९ निघाल्या! दोन्ही आकडे बरोबर होते. निवडुंग वाढता वाढता नव्या धारा धरतो, म्हणून धारा कुठे मोजल्या हेही आकड्याबरोबर लिहावे लागते. सावलीत ठेवलेला निवडुंग बारीक, फिका आणि विरळ काट्यांचा होतो. तोच उन्हात आला की वरचा भाग जाड वाढतो. तेव्हा माप नेहमी उन्हात वाढलेल्या, पक्व भागाचे घ्यावे.

एवढे करूनही नुसत्या खांबावरून जात ठरवणे धोक्याचे असते. कोरड्या हवेत पाणी साठवायचे, उन्हाचा मारा चुकवायचा आणि जनावरांपासून वाचायचे, ही गरज सगळ्यांचीच सारखी. त्यामुळे नात्याने लांबचे निवडुंगही दिसायला एकमेकांसारखे होतात. पुस्तकातल्या चित्राने मला फसवले ते येथेच.

फुलाची साक्ष

फूल मात्र बरेच काही सांगते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ‘ब्रह्मकमळ’ असेल. रात्री उमलणारे ते पांढरे फूल हेही एका कॅक्टसचेच, बरे का. त्या फुलाला लांब वाकडा देठ असतो असे आपण म्हणतो. पण तो देठ नव्हे. ती फुलाचीच नळी आहे, आणि फळ तिच्या तळाशी असलेल्या किंजपुटापासून बनते. निवडुंगाची ओळख पटवणारा सर्वांत जास्त पाहतो तो या नळीच्या बाहेरच्या अंगाकडे.

आपल्याकडच्या बागांत सेरियस या प्रजातीचे उंच खांब बरेच दिसतात. त्यांची नळी जवळजवळ नागडी, गुळगुळीत असते. तिच्यावर लव नाही आणि काटेही नाहीत. फूल गळाले तरी त्याचे किंजल वाळून फळाच्या टोकाला चिकटून राहते. ट्रायकोसेरियसच्या नळीवर खवले असतात आणि खवल्यांच्या बेचक्यांत भरपूर लव असते, जणू तिने लोकरीचा सदरा घातला आहे. ‘ट्रायको’ म्हणजे केस, हे नाव त्यावरूनच आले. मिर्टिलोकॅक्टसची फुले अगदी लहान, आणि एकाच गादीतून अनेक येऊ शकतात.

आमच्या फुलाची नळी लवेने भरलेली होती, काटे मुळीच नव्हते. म्हणजे ट्रायकोसेरियसचा गट बरोबर ठरला. मात्र स्पाचियानसचे फूल रात्री उमलते आणि पांढरे असते. आमचे फूल संध्याकाळी उमलू लागले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टवटवीत राहिले, आणि पाकळ्या मध्ये फिक्या व कडेला गुलाबी होत्या. काटे एकाचे, फूल भलत्याचेच! तेव्हा कुठे मला खडूच्या डबीतला तुकडा आठवला.

ती फुली नव्हती. ते गुणाकाराचे चिन्ह होते. वनस्पतींच्या नावात × हे चिन्ह आले की समजावे, झाड संकरित आहे, दोन वेगळ्या कुळींचे अपत्य आहे. पाटीने खरे तेच सांगितले होते. मीच ते डबीत टाकले होते.

एल रोसारियोचे कोडे

संकरित निवडुंगाने फसवल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे, आणि तेथे फसलेले लोक आमच्यापेक्षा कितीतरी जाणते होते. मेक्सिकोच्या वायव्येला बाहा कॅलिफोर्निया नावाचे एक लांबट, कोरडे द्वीपकल्प आहे. त्याच्या उत्तर भागात, पॅसिफिक किनाऱ्याजवळ, एल रोसारियो हे गाव आहे. सॅन डिएगोचे निसर्गसंग्राहक चार्ल्स ऑर्कट यांना या भागात एक खांबासारखा निवडुंग मिळाला. तो माहीत असलेल्या कोणत्याच जातीत बसेना. वनस्पतिशास्त्रज्ञ कॅथरिन ब्रँडगी यांनी १९०० साली ती नवी जात मानून तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ऑर्कट यांच्या सन्मानार्थ तिला ‘सेरियस ऑर्कटिआय’ हे नाव दिले. पुढे निवडुंगांचे मोठे अभ्यासक ब्रिटन आणि रोझ यांनी ती पॅकिसेरियस या प्रजातीत हलवली. नाव पुस्तकांत स्थिर झाले. पण झाडे मात्र विलक्षण दुर्मीळ होती. जात म्हटली की तिची लहानमोठी झाडे, रोपे, वस्ती दिसायला हवी. येथे तसे काही नव्हते.

हे कोडे १९६२ साली सुटले. सॅन डिएगोच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले रीड मोरान हे बाहा कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत वर्षानुवर्षे पायी हिंडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी दाखवून दिले की ऑर्कटचा निवडुंग ही जात नाहीच. तो दोन अगदी वेगळ्या निवडुंगांचा संकर आहे.

त्याचे आईबाप पाहिले तर विश्वास बसणार नाही. एक आहे ‘कार्डोन’, पॅकिसेरियस प्रिंगलेइ. जगातल्या सर्वांत उंच निवडुंगांत त्याची गणना होते. पाच-सहा मजली इमारतीएवढा तो वाढू शकतो, बुंधा माणसाच्या कवेत मावत नाही, काटे राखी आणि फुले मोठी पांढरी. दुसरा आहे बर्जेरोकॅक्टस एमोरी. हा मनगटाएवढ्या जाडीचा, क्वचितच पुरुषभर उंचीचा, समुद्रकाठी झुडपांसारखा दाटीने पसरणारा. त्याच्या अंगभर सोनेरी काट्यांचे इतके दाट आवरण असते की खालची हिरवी साल दिसत नाही. फुले लहान आणि पिवळी. या दोघांचे अपत्य उंचीला, जाडीला, काट्यांच्या रंगाला दोघांच्या मधले.

पण मोरान यांच्या म्हणण्याला वजन आले ते नुसत्या ‘मधल्या’ दिसण्यामुळे नव्हे. तपास करताना तीन प्रश्न विचारावे लागतात. दोन्ही पालक एकाच ठिकाणी वाढतात का? त्यांची फुले एकाच वेळी येतात का? एकाचे पराग दुसऱ्यापर्यंत नेणारे कोणी आहे का? कार्डोनचा प्रदेश उत्तरेकडे एल रोसारियोच्या आसपास संपतो, आणि बर्जेरोकॅक्टसचा किनारी पट्टा दक्षिणेकडे त्याच भागात संपतो. म्हणजे दोघांच्या शिवा येथेच भिडतात. दोघेही वसंतात फुलतात. कार्डोनचे फूल मुख्यतः वटवाघळांसाठी संध्याकाळी उमलते हे खरे, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळीही उघडे असते आणि मधमाश्या त्यावर येतात. तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी आली. झाड दुर्मीळ का, हेही त्यातच उलगडले: ती वस्ती करून राहिलेली जात नव्हतीच, अधूनमधून घडलेला योगायोग होता.

त्याच १९६२ साली मोरान यांनी त्याच भागातल्या आणखी एका संकराचे वर्णन केले. येथे बर्जेरोकॅक्टसचा जोडीदार होता मिर्टिलोकॅक्टस कोचल. सुरुवातीला या संकराचे जगात एकच झाड ठाऊक होते. त्याला मोरान यांनी × मिर्टजेरोकॅक्टस लिंडसेइ हे नाव दिले. नाव नीट वाचा: ‘मिर्टिलो’तला पुढचा तुकडा आणि ‘बर्जेरोकॅक्टस’मधला मागचा तुकडा यांची ती जोडणी आहे. दोन प्रजातींच्या संकराला नाव देण्याची ही एक रीत आहे. ऑर्कटचा निवडुंगही त्याच रीतीने आज × पॅचेरोकॅक्टस या नावाखाली मोडतो.

गुण द्यायचे, पण कोणाला?

‘मधला’ हा शब्द फार मोघम आहे. तो आकड्यात कसा आणायचा? अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी त्यासाठी संकर-निर्देशांकाची पद्धत प्रचारात आणली. ती शाळेत सहज करता येते. समजा, पालक ‘अ’ आणि पालक ‘ब’ ठाऊक आहेत. प्रत्येक लक्षणासाठी ‘अ’सारखे असेल तर ०, ‘ब’सारखे असेल तर २ आणि मधले असेल तर १ गुण द्यायचा. सहा लक्षणे घेतली तर शुद्ध ‘अ’ला ० आणि शुद्ध ‘ब’ला १२ गुण पडतील, पहिल्या पिढीचा संकर बहुधा ६ च्या आसपास येईल. लक्षणे निवडताना मात्र डोके वापरावे लागते. कार्डोन आणि बर्जेरोकॅक्टस या जोडीत धारांची संख्या कुचकामी आहे, कारण दोघांच्याही धारा बारा ते पंधराच्या घरात असू शकतात. खोडाची जाडी, काट्यांचा रंग, फुलाचा आकार आणि रंग ही लक्षणे तेथे बोलकी ठरतात. आणखी एक गोष्ट: सगळेच गुण मधोमध येत नाहीत. काही बाबतींत अपत्य सरळ एका पालकावर जाते, हे मेंडेलच्या वाटाण्यांवरून तुम्हाला माहीत आहेच.

दुसरी कसोटी परागकणांची. लांबच्या नात्यातल्या संकरात पराग तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि पुष्कळ कण पोकळ राहतात. काचपट्टीवर थोडे पराग घेऊन ॲसिटोकार्मिनचा एक थेंब टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. भरलेले कण गोल आणि लाल दिसतात. पोकळ कण सुरकुतलेले व फिके राहतात. आमच्या फुलात साधारण दर तीन कणांमागे एक फिका होता. संकराचा संशय त्यामुळे बळावला, पण ही कसोटी एकट्याने निर्णायक नाही. जवळच्या नात्यातले संकर चांगले सुपीक असू शकतात, आणि फार उष्ण हवेत शुद्ध जातीचे परागही बिघडतात.

येथे एका सापळ्याबद्दल सावध करतो. “आमच्या निवडुंगाला फुले येतात पण फळ धरत नाही, म्हणजे तो संकरित, वांझ असणार,” असे अनेकजण म्हणतात. हे चूक आहे. कितीतरी निवडुंग स्वतःच्या परागाने फळ धरतच नाहीत. त्यांना दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि फुटव्यापासून केलेले झाड हे ‘दुसरे’ नव्हे. आमच्या आठही कुंड्या एकमेकींच्या काहीच उपयोगाच्या नाहीत!

बागेतला संकर का अवघड?

एल रोसारियोला मोरान यांच्यापुढे मोजकेच संशयित होते. त्या डोंगरांत जे निवडुंग उगवतात तेवढेच. बागेतल्या झाडाला असा भूगोल नसतो. अर्जेंटिना, बोलिव्हिया, पेरू येथल्या जाती एका काचगृहात शेजारी ठेवल्या जातात आणि माणूस कुंचल्याने पराग इकडचा तिकडे करतो. ट्रायकोसेरियसच्या गटात हे फार झाले आहे. रात्री फुलणाऱ्या पांढऱ्या जातींचा संकर दिवसा फुलणाऱ्या तांबड्या-पिवळ्या जातींशी करायचा, आलेल्या रोपांतून सुंदर फुलाचे निवडायचे, त्याचा पुन्हा तिसऱ्याशी संकर करायचा. तिसऱ्या-चौथ्या पिढीला निर्देशांकाचे गणित कोलमडते, कारण ‘अ’ आणि ‘ब’ दोनच राहत नाहीत. एकाच फळातल्या शंभर बियांची शंभर रोपेही एकसारखी निघत नाहीत.

त्यातच शास्त्रीय नावांनी घोळ वाढवला आहे. १९७४ साली ट्रायकोसेरियसच्या जाती एकिनॉप्सिस या प्रजातीत घालण्यात आल्या. २०१२ साली श्लुंपबर्गर आणि रेनर यांनी डीएनएच्या आधारे दाखवले की एवढी मोठी एकिनॉप्सिस ही एका पूर्वजाची संतती नाही. त्यानंतर तिचे पुन्हा तुकडे झाले. म्हणून एकाच झाडावर एका नर्सरीत एक नाव आणि दुसरीत दुसरे दिसले तर घाबरू नका. दोन नावे म्हणजे दोन झाडे असतीलच असे नाही.

मग डीएनए तपासून सगळे सुटणार नाही का, असे विद्यार्थी विचारतात. काही सुटेल. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवकांचा डीएनए आईकडूनच येतो आणि पेशीकेंद्रातला दोघांकडून. दोन्ही तपासले तर आई कोण, बाप कोण, हे वेगळे सांगता येऊ शकते. पण तुलनेसाठी संभाव्य पालकांचे, खात्रीने नाव ठाऊक असलेले नमुने हवेत. म्हणजे गाडी पुन्हा पाटीवरच येऊन थांबते.

आमच्या झाडाबद्दल शेवटी एवढे ठरले. काटे, धारा आणि खांबाची जाडी स्पाचियानसकडे झुकते. फुलाचा रंग आणि दिवसा उघडे राहण्याची सवय दुसऱ्या पालकाकडून आली असावी. अर्जेंटिनातील ट्रायकोसेरियस हुआस्का हा दिवसा फुलणारा, पिवळ्या ते तांबड्या फुलांचा निवडुंग त्या जागी बसू शकतो. पण तसे बसणारे आणखीही आहेत, आणि त्यांतला एक निवडायला आमच्याकडे काही आधार नाही. माझ्या एका सहकारी बाईंचे मत पडले की पाटीवर ‘स्पाचियानस × हुआस्का’ लिहून टाकावे, प्रश्नचिन्ह घालून. मी नको म्हटले. पाटी नकलताना सगळ्यांत आधी गळते ते प्रश्नचिन्हच.

आता कुंडीत ॲल्युमिनियमची पट्टी आहे. तिच्यावर बोथट पेन्सिलने दाबून लिहिले आहे. हे अक्षर उन्हापावसात टिकते. मजकूर असा: ‘ट्रायकोसेरियस गट, संकरित. पालक अज्ञात. फूल गुलाबी, संध्याकाळी उमलते, दुसऱ्या दुपारपर्यंत. पुष्पप्रदर्शनातून विकत घेतला.’ खाली खरेदीचे साल. सातही शाळांना हाच मजकूर पत्राने कळवला. पाच शाळांनी पाटी बदलल्याचे उत्तर आले आहे. एका शाळेतला निवडुंग जास्त पाण्याने कुजून गेला. सातव्या शाळेच्या उत्तराची वाट पाहत आहोत.